डाग : चहाचा

सरांच्या हाताखाली काम करायला लागले त्या पहिल्या दिवशी मी चार वेळा हात धुतले. पहिल्यांदा माझ्या मनाने आणि पुढच्या तीन वेळा त्यांच्या. पहिल्या खेपेला त्यांनी नखं पाहिली आणि परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला हाताला साबणाचा वास येतोय म्हणून नुसत्या पाण्याने धुवायला लावले. तिसऱ्या खेपेला मी हात ओढणीला पुसले, ते त्यांनी दारातून पाहिलं. चौथ्या खेपेनंतर मला पंख्याखाली उभं केलं आणि म्हणाले, "आता शंभरपर्यंत मोजा. मनात मोजा, ही बालवाडी नाही." मी मनात मोजलं नाही. शंभर आकड्यांच्या वेळात त्यांना जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या दिल्या. मी नगरची आहे, शिव्यांचा तुटवडा नव्हता.

नगरमधल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, हस्तलिखित विभाग म्हणून एक खोली आहे. तिच्यात तीन कपाटं. दोनांत पोथ्या आणि जुनी कागदपत्रं. तिसऱ्यात एका कादंबरीकाराच्या वह्या. हे कादंबरीकार म्हणजे सोनईकडच्या एका खेड्यात आयुष्यभर मास्तरकी केलेले गृहस्थ. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी कादंबरी लिहिली एकच, पण तिचे खर्डे सहा. वह्या विकत घेतलेल्या नव्हत्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पानं दाभणाने शिवून घरीच केलेल्या होत्या. तो कागद मुळातच हलका, त्यात साठ वर्षांचा, तपकिरी पडलेला, कडांना हात लावला की चुरा व्हायचा. मी पुण्यात कागदाची डागडुजी शिकून आले होते आणि त्या वह्या वाचवायला मला घेतलं होतं. सर त्या कपाटाचे प्रमुख. ऑर्डरवर हुद्दा वेगळा होता, पण खरं तर ते रखवालदार होते.

अंगाने काटकुळे. पांढरा शर्ट, बाही बरोबर दोन घड्या दुमडलेली, म्हणजे पानाला घासायला नको. खिशात पेन कधीच नाही, कारण त्या खोलीत शाईला बंदी. कानावर पेन्सिल, गळ्यात काळ्या दोऱ्याने भिंग. कपाटात कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायचे, त्यामुळे त्यांच्या अंगालाही वेखंडाचा वास यायचा. वह्या लाल कापडाच्या बासनात बांधलेल्या असायच्या. एकदा कार्यकारिणीतले कुणी तरी म्हणाले, "आपला तो पंख्यांचा प्रस्ताव बासनात गुंडाळला वाटतं." सर गंभीरपणे म्हणाले, "मग सुखरूप असेल. आमच्याकडे बासनात गुंडाळतात ते जपायला." ते विनोद करतायत की काय हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

त्यांचा जीव की प्राण असलेला एक शब्द होता, तो म्हणजे नोंद. शिपाई म्हणाला, काल मी सुट्टीवर होतो, की सर विचारणार, "नोंद आहे का?" कुणी म्हणालं, रात्री आमच्याकडे पाऊस पडला, तरी तेच. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र बोलले तसे वागायचे. मास्तरांच्या प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानाची त्यांनी एका लांबलचक रजिस्टरात पेन्सिलीने नोंद केली होती. शाई कोणती, खाडाखोड किती, समासात काय लिहिलंय, फाटलंय कुठे, आणि शेवटचा रकाना डागांचा. त्या रकान्यात पानामागून पान एकच ओळ होती. डाग : चहाचा. डाग : चहाचा. डाग : चहाचा.

मास्तर चहाबाज होते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या चहाच्या गोष्टी अजून सांगतात. सरांना त्याचा भयंकर राग. "एवढा मोठा लेखक, पण कपाखाली बशी ठेवायची अक्कल नाही," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. त्या रागापायी आमच्या मजल्यावर चहाला मज्जाव होता. खाली सगळ्यांचा चहा झाला की शिपाई थर्मास घेऊन मागच्या जिन्याने वरच्या नळावर विसळायला जायचा. पुढच्या जिन्याने आला तर सरांना म्हणे वास येई. सर स्वतः तर चहाला शिवायचेही नाहीत. दुपारी ताक, आणि थंडीत गरम पाणी, तेही पायरीवर बसून.

एकदा एक पुढारी वह्या बघायला आले. बरोबर दहा-बारा माणसं, गळ्यात हार. सर दारात आडवे. म्हणाले, "हार काढा, अंगठ्या काढा आणि हात धुवा." पुढाऱ्यांचा माणूस पुढे सरसावला. "अहो, साहेबांना सांगताय का तुम्ही हात धुवायला?" सर म्हणाले, "साहेबांना नाही. साहेबांच्या हातांना." पुढारी मात्र समजूतदार निघाले. हात धुतले, पंख्याखाली उभे राहिले, आणि मला अजून वाटतं की त्यांनी खरोखर शंभर मोजले. एक पान बघितल्यावर हळूच म्हणाले, "आमाला शाळेत हा धडा हुता." सर म्हणाले, "असेल."

त्या 'असेल'मध्ये सगळं आलं. मास्तरांची कादंबरी जिल्ह्यातल्या वाचणाऱ्या माणसाने वाचलेली नाही असं सहसा होत नाही, आणि जो माणूस त्या कादंबरीच्या वह्यांवर नागासारखा बसला होता त्याने ती छापलेली कादंबरी उघडलीही नव्हती. विचारलं तर सांगायचे, "छापलेलं मी वाचत नाही." वह्या मात्र त्यांना तोंडपाठ होत्या, त्यातही खोडलेलं. पान उजेडात तिरकं धरायचे, भिंग लावायचे आणि मास्तरांनी गच्च खोडलेला शब्द तासभर झगडून बाहेर काढायचे. मला म्हणायचे, "लिहिलेलं काय, कुणीही वाचतं. तुम्ही खोडलेलं वाचा."

आणखी एक गोष्ट ते पुन्हापुन्हा वाचायचे, ती म्हणजे समास. मास्तर फार प्रामाणिक माणूस. दुसऱ्याकडून शब्द घेतला की समासात लिहून ठेवायचे. 'पोस्टमन म्हणाला.' 'थोरली वहिनी म्हणाली.' 'गाडीवान म्हणाला.' बाहेरून अभ्यास करायला येणारे लोक या समासांवर खूश असायचे. सर त्यांना हव्या त्या वह्या काढून द्यायचे आणि दाराशी पाठमोरे उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे! मलाही तसंच वाटायचं.

ती भक्ती नव्हती हे मला दोन वर्षांनी कळलं. दुपारी डबा खाताना. सर पायरीवर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसले होते. मी सहज म्हटलं, "सर, एवढं सगळं पाठ आहे, मग पुस्तकानेच काय घोडं मारलंय तुमचं?" एरवी त्यांनी मला झापलं असतं. त्या दिवशी हातातला भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

मग म्हणाले, "त्यातलं ते हंड्याचं वाक्य माहीत आहे?"

ते वाक्य कुणाला माहीत नाही? कादंबरीतली बाई नवरा गेल्याची बातमी विहिरीवर ऐकते, तशीच पाणी ओढते, घरी येते. 'आधी हंडा उतरला. मग रडू.' शाळेच्या पुस्तकात तोच धडा होता. आमच्याकडे कुणी दुःख गिळून काम करत राहिलं की अजून म्हणतात, हंडा उतरू दे तिचा.

"ते वाक्य माझ्या आईचं आहे," सर म्हणाले.

सरांचं गाव मास्तरांचंच. आई त्या वेळी नवी लग्न होऊन आलेली. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत घरोघर मिरच्या-हळद कुटायला जायची. मास्तरांकडेही जायची. पुढे कादंबरी आली, गाजली, आणि आई गावात सांगायला लागली, "त्या पुस्तकाला माझं बोट लागलंय." अक्षर न येणारी बाई आणि म्हणते पुस्तकाला बोट लागलंय! गावाला आयतीच करमणूक झाली. तिला 'लेखिकाबाई' म्हणायला लागले. सर शाळेत गेले तेव्हा ते आपोआपच 'लेखिकेचं पोरगं' झाले. मास्तर तोवर वारले होते, विचारणार कुणाला?

"मी सातवीत असताना तो धडा आला," सर म्हणाले. "मी उभा राहून सांगितलं, हे माझ्या आईचं आहे. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले."

मी म्हटलं, "म्हणून पुस्तक वाचलं नाही?"

"नाही. त्याला कारण मी आहे." सरांनी डबा बंद केला. "माझं लग्न ठरत होतं. पाहुणे आले होते. मी ग्रंथालयात नोकरीला लागलोय म्हटल्यावर पुस्तकांच्या गोष्टी निघाल्या. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, त्या पुस्तकाला माझं बोट लागलंय. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, आई, नोंद हाय का कुटं? न्हाई ना? मंग पुरं कर आता."

एवढ्या वर्षांत मी सरांच्या तोंडून 'हाय' हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"त्या दिवसापासून तिने ते वाक्य तोंडातून काढलं नाही. एकदाही नाही. मास्तरांच्या घरच्यांनी वह्या इथे दिल्या तेव्हा मी हे कपाट मागून घेतलं. म्हटलं, माझी आई खोटं बोलत नाही. आणि या वह्या वाचल्यावर कळलं, मास्तरही खोटं लिहीत नाहीत. एक शब्द दिला तर त्यांनी पोस्टमनची नोंद केली. मग माझ्या आईची का नाही? सहा खर्डे, सगळे समास, सगळी खाडाखोड बघितली. कुठेच नाही. सापडेपर्यंत छापलेलं वाचायचं नाही, असं ठरवलं आहे."

आई अजून होती, गावात, ऐंशीच्या पुढची. सर दर रविवारी एसटीने जायचे. तिच्याजवळ बसायचे, औषधं द्यायचे आणि हा विषय सोडून सगळं बोलायचे. सॉरी म्हणून टाका की, असं मी म्हणणार होते, पण नाही म्हटलं. नुसतं सॉरी घेऊन आईकडे जायचं नाही असा तो माणूस होता. त्याला नोंद घेऊन जायचं होतं. ज्या मास्तरांवर त्याचा मनातून राग होता त्यांचा एकेक कागद तो तीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळत होता. मला त्या दुपारी पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. त्यानंतर मी हात धुताना कधी कुरकुर केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वह्या स्कॅन करायचं ठरलं. स्कॅनवाला मशीन घेऊन आला. हुशार होता, चटपटीत होता. त्याने नमुन्याला एक पान काढलं आणि कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबून त्यावरचा डाग पुसून दाखवला. पान नवं कोरं. "सगळेच डाग काढून देतो सर, पेपर एकदम चकाचक दिसंल." मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण सर चक्क खूश झाले. म्हणाले, "बाकी कशाला हात लावू नका. चहा तेवढा काढा. मास्तरांची तेवढी लाज राखू." सोमवारपासून काम सुरू करायचं ठरलं.

त्याआधी माझं काम होतं. जुन्या कागदात आम्ल असतं, ते कागद खातं. ते मारायला आम्ही चुन्याच्या निवळीसारखं पाणी वापरतो. पण आधी शाई फुटते का ते बघावं लागतं, म्हणून समासात कुठे तरी ड्रॉपरने एक थेंब सोडून बघायचा. दुसऱ्या खर्ड्याची वही माझ्यापुढे उघडी होती. पान नेमकं विहिरीचं. तिथे मास्तरांनी लिहिलं होतं, 'पाणी ओढता ओढता तिला रडू कोसळले.' त्या ओळीवर नेहमीसारखा फिकट तपकिरी डाग. मी समासावर ड्रॉपर धरला आणि त्याच वेळी शिपाई थर्मास घेऊन पुढच्या जिन्याने वर आला.

सर जे ओरडले, त्याने माझा हात हलला. थेंब समासात न पडता त्या डागावर पडला.

डाग लाल झाला. बघता बघता, कुंकवासारखा लालभडक.

 साठ वर्षं टिकलेलं पान मी एका थेंबात घालवलं असं वाटलं. सर धावत आले. "काय पाडलंत?"

"चुन्याचं पाणी, सर. चुकून. हा चहा असा लाल..." आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं. चहा कधी लाल होतो का? आमच्या घरी ओवाळायचं लाल पाणी करायला आजी काय करते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. चिमूटभर हळद आणि नखभर चुना.

"हळद," मी म्हणाले.

सरांनी भिंग डोळ्याला लावलं. डागाची कड बघितली. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला पसरट. मग त्यांनी स्वतःची तर्जनी पानाच्या वर, न टेकवता, त्या डागावर धरली. तो डाग बोटाचा होता.

खुर्ची पुसल्याशिवाय न बसणारा माणूस जमिनीवर बसला. फतकल मारून, कपाटाला टेकून. आणि म्हणाला, "बोट लागलंय. ती म्हणायची, बोट लागलंय. अहो, आम्हाला वाटायचं ती आपली बोलण्यातली पद्धत आहे. बोट लागलंय म्हणजे हातभार लागलाय, असं. ती खरोखरच्या बोटाचं सांगत होती."

 शिपाई थर्मास घेऊन दारातच उभा होता आणि त्याला जा म्हणायचीही कुणाला शुद्ध नव्हती.

दुसरं कुणी असतं तर त्याच दुपारच्या एसटीने आईकडे गेलं असतं. सर गेले नाहीत. "एका डागाने काय होतं? नोंद पुरी होऊ द्या," म्हणाले. स्कॅनवाल्याला महिनाभर थांबवलं आणि आम्ही दोघं कामाला लागलो. मी डागाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं चुन्याचं पाणी लावून बघायची, सर त्या ओळीचा पुढचा खर्डा काढायचे. जिथे जिथे बोट होतं, तिथली ओळ पुढच्या खर्ड्यात बदललेली होती. 'तिने चुलीवर फुंकर घातली' तिथे बोट, आणि पुढच्या खर्ड्यात ती फुंकणी घेते. बाळंतीण बाई तिसऱ्या दिवशी अंगणात उभी, तिथे बोट, आणि पुढच्या खर्ड्यात ती खाटेवरून हाक मारते. काही डाग खरंच चहाचे निघाले. त्यांच्याखालची ओळ पुढच्या खर्ड्यातही जशीच्या तशी होती. त्यातला पहिला सापडला तेव्हा सर लहान मुलासारखे हसले. "बघा, हा मात्र मास्तरांचा!"

समासात आईचं नाव का नव्हतं, हेही त्या महिन्यात उलगडलं. पोस्टमनने नुसतं तोंडाने सांगितलं होतं, म्हणून लिहून ठेवावं लागलं. जिथे माणसाचं बोटच पानावर आहे तिथे आणखी काय लिहायचं? मास्तरांनी ती पानं मुद्दाम पुसली नव्हती. सर म्हणाले, "मी तीस वर्षं या माणसाला मनात कृतघ्न म्हणत आलो. त्याने नोंद ठेवली होती. ती मीच चहाच्या खात्यात टाकली." मग रजिस्टर घेऊन बसले. 'चहाचा' या शब्दावर एक सरळ रेघ, आणि वर, 'हळदीचे बोट'. मी रबर पुढे केलं तर म्हणाले, "नको. रबराने खोडलं तर माझी चूक कुणाला दिसणार नाही."

स्कॅनवाला परत आला तेव्हा त्याला सांगितलं, एकही डाग काढायचा नाही. तो म्हणाला, "सर, घाण दिसंल हो." सर म्हणाले, "दिसू दे."

मग एके दिवशी सर आईला घेऊन आले. एवढीशी बाई, कमरेत वाकलेली, नऊवारी, कपाळावर गोंदण. जिना चढून वर आली तेव्हा मीच घाबरले, आता हिलाही शंभर मोजायला लावतात की काय. सरांनी तिचे हात स्वतः धुतले. एकदाच. नखं बघितली नाहीत. म्हातारी म्हणाली, "मास्तर तर तसंच लावू देत हुतं हात."

टेबलावर बासन सोडलं, विहिरीचं पान काढलं. चुन्याची लाली केव्हाच उतरून डाग पुन्हा तपकिरी झाला होता. म्हातारीने डोळे बारीक करून बघितलं.

"आई, ह्ये काय हाय?" सरांनी विचारलं.

"काय म्हंजे? माझं बोट." तिला नवल वाटलंच नाही. "म्या उखळात कुटायची, मास्तर कट्ट्यावर बसून वाचायचं. उगं कायतरी वाचलं की माझं मुसळ थांबायचं. मंग मास्तर वहीवर बोट फिरवत पुन्यांदा हळू वाचायचं, आन् म्या म्हनायची, हितं! हितं चुकतंय. पानी वढताना कुनी रडतं व्हय? दोर सुटंल न्हाई का हातातनं? रडायचं त्ये हंडा उतरवून."

"मला का न्हाई सांगितलंस हळदीचं?"

"म्या तर बोट लागलंय म्हनतच हुते की," म्हातारी म्हणाली. "गावानं माझ्या नावानं बोटं मोडली. तूबी नोंद मागितलीस. आता बोटाची काय नोंद द्यायची म्या?"

सर तिच्या पायाशी वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, ह्यो हितंबी असाच असतो का?" मी हसत होते आणि नाक ओढत होते.

मग तिने विचारलं, "त्या बाईचं फुडं काय झालं रं?" साठ वर्षं जिचं बोट त्या पुस्तकाला लागलं होतं, तिला ते पुस्तक कुणी पुरं वाचून दाखवलं नव्हतं. पाऊस पडला की कुटण संपायचं, आणि कादंबरीचा शेवट ज्यांत आहे त्या दोन वह्या मास्तरांनी दिवाळीच्या सुट्टीत लिहिल्या होत्या. त्या वह्यांवर एकही डाग नाही.

सर खाली गेले आणि ग्रंथालयाची छापील प्रत घेऊन आले. 'मोठ्याने वाचू नये' ही पाटी त्यांनीच त्या खोलीत लावलेली. तिच्याखाली खुर्ची ओढून त्यांनी आईला पुस्तक वाचून दाखवायला सुरुवात केली. चार दिवस लागले. म्हातारी सरांच्या घरून रोज यायची, भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची. हंड्याचं वाक्य आलं तेव्हा नुसती मान हलवली.

चौथ्या दिवशी शेवटचं पान आलं. कादंबरीतली बाई डोक्यावर बोचकं घेऊन गाव सोडते. सरांनी वाचलं, "वेशीपाशी येताच तिने मान वळवून एकदा गावाकडे पाहिले."

"थांब," म्हातारी म्हणाली.

सरांनी बोट फिरवत पुन्हा वाचलं. हळू.

"हितं." तिचं वाकडं झालेलं बोट त्या छापील ओळीवर टेकलं. "डोस्क्यावर बोचकं हाय ना तिच्या? मंग मान कशी वळंल? तिला थांबून अख्खं फिरावं लागंल. आन् अख्खी फिरली तर जाईल व्हय ती? न्हाई जायची. न बघताच गेली आसंल."

त्या खोलीत मी खूप शहाणी माणसं बघितली आहेत, त्यांची व्याख्यानं ऐकली आहेत. असं कधी ऐकलं नव्हतं. सरांनी कानावरची पेन्सिल काढली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पुस्तकाला रेघ मारू दिली नाही, त्याने त्या ओळीसमोरच्या समासात, मास्तर लिहायचे तसंच, बारीक अक्षरात लिहिलं, 'आई म्हणाली.' ती प्रत आता तिसऱ्या कपाटात आहे. कपाट मी सांभाळते. सर रिटायर होऊन गावी गेले.

त्या चौथ्या दिवशी मी त्या दोघांना सोडायला खाली रस्त्यापर्यंत गेले होते. सरांनी रिक्षा थांबवली, आईला हात देऊन बसवलं. ती बसली आणि एकदम म्हणाली, "आता म्हनू का रं मी परत?"

सरांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी मान हलवली.

म्हातारी पुढे वाकली आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाली, "ए बाबा, ह्या वाड्यात मास्तरांचं पुस्तक हाय ना, त्याला माझं बोट लागलंय."

रिक्षावाला आरशात बघून हसला. "व्हय का आजी? बरं बरं."

नगरमध्ये एवढी वर्षं छापील मराठी बोलणारे आमचे सर सीटवरून पुढे सरकले आणि म्हणाले, "हसू नका. नोंद हाय."